भरत, तो नकार तुझाच होता ना?

भरत,

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. या एकोणीस दिवसांत मी तीनदा राई गावात तुझ्या घरी आले आणि दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. एकदा तर रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, "कहाँ जाना है, आंटी?" उतरले आणि चालत घरी आले. झोप लागते, जेवण जातं, तब्येतीला काही झालेलं नाही. फक्त एका जागी बसवत नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही.

लोक भेटतात आणि म्हणतात, "सुटला बिचारा." तू काय म्हणाला असतास ते मला पाठ आहे. "सुटला म्हणजे? अडकलो कुठे होतो?" तुझ्या वतीने मी हे म्हणायला हवं. म्हणत नाही. मान हलवते, आणि मग दिवसभर स्वतःवर चिडत राहते.

म्हणून लिहितेय. "लिही, ताई, पण भाषण करू नकोस," असं तू म्हणाला असतास. प्रयत्न करते.

आपली ओळख भाषणातूनच झाली, नाही का? हाटकेशमधल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात मी बोलत होते. विषय नेहमीचाच. आपण बेशुद्ध आहोत, बरं होण्याची आशा नाही, अशी वेळ आली तर आपल्याला यंत्रावर ठेवायचं की नाही हे आधीच लिहून ठेवता येतं, न्यायालयाने ते मान्य केलंय, कागद असा करायचा, साक्षीदार असे घ्यायचे. मी या कामात का पडले तेही सांगितलं. माझे वडील सदतीस दिवस अतिदक्षता विभागात होते. मेंदूत रक्तस्राव झालेला. डॉक्टर रोज म्हणायचे आशा नाही, आणि रोज एक नवी नळी घालायचे. अधूनमधून त्यांचा हात आपोआप वर यायचा, तो नळी ओढेल म्हणून दोन्ही हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले होते. मी विमा कंपनीत सव्वीस वर्षं फॉर्म भरून घेतलेली बाई, आणि वडिलांचे हात सोडा असं सांगणारा एकही फॉर्म माझ्याकडे नव्हता. निवृत्त झाल्यावर मी हेच काम धरलं.

भाषणाचा शेवट ठरलेला होता. "परावलंबी, लाचार होऊन जगण्यापेक्षा सन्मानाने मरण्याचा हक्क आपल्याला हवा." इथे टाळ्या पडायच्या. त्या दिवशीही पडल्या, आणि त्या थांबल्यावर मागच्या भिंतीजवळून तुझा आवाज आला. बारीक. चार-पाच शब्द, मग श्वास, मग पुन्हा चार-पाच शब्द.

"मॅडम, हा हॉल पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. मला खुर्चीसकट वर आणायला चार माणसं लागली."

"सॉरी," मी म्हटलं. "आयोजकांना मी..."

"सॉरी नको. मी फक्त मोजतोय. मला दहाव्या वर्षापासून दुसरं कुणीतरी अंघोळ घालतंय. कपडे घालतंय. भरवतंय. तुम्ही आता म्हणालात ना, परावलंबी, लाचार? तो मी. मग मी कधी मरू?"

हॉलमध्ये कुणीतरी "अरेरे" म्हणालं. तुला मान वळवता येत नव्हती, म्हणून तू माझ्याकडेच बघत राहिलास. मी काहीतरी गुळमुळीत बोलले, तुमच्याबद्दल नाही हो, वगैरे.

"माझ्याबद्दलच आहे," तू म्हणालास. "मरायचा कागद तुम्ही दहा मिनिटांत समजावलात. अपंगत्वाचा दाखला मिळायला मला अकरा खेपा लागल्या. अकराही वेळा कुणीतरी उचलून नेलं. लोकांना मरण सोपं करून देताय, चांगलं आहे. जगणं सोपं करायचं भाषण कुठल्या हॉलमध्ये असतं?"

मला राग आला होता, भरत. लाज नंतर वाटली, आधी राग आला. माझ्या वडिलांचे बांधलेले हात तू बघितले नव्हतेस, आणि मला उभं करून प्रश्न विचारत होतास. मंडळाच्या सेक्रेटरींकडून तुझा पत्ता घेतला आणि पुढच्या रविवारी तुझ्याशी भांडायला राईला आले.

तेव्हा कळलं की तू दहावीच्या मुलांचे गणिताचे वर्ग घेतोस. पंधरा-सोळा मुलं-मुली फरशीवर, तू खुर्चीत, आणि फळ्यापाशी एक मुलगी खडू घेऊन उभी. तुझा हात उचलत नव्हता म्हणून तू बोलायचास आणि मुलं पाळीपाळीने लिहायची. "मी लिहीत नाही म्हणूनच यांना येतं," म्हणालास. तुझी आई मला आत घेऊन गेली आणि न विचारता चहा ठेवला. तुझ्या दारातून पूर्वी तुमची भातशेती आणि तिच्यापलीकडे खाडी दिसायची म्हणे. आता चौदा मजल्यांची इमारत. "वरच्या मजल्यावरची दोन मुलं माझ्याकडे येतात," तू सांगितलंस. "भरती आली की नाही ते मी त्यांना विचारून घेतो."

मी वडिलांचं सगळं पुन्हा सांगितलं, भांडणाच्या आवाजात. तू पूर्ण ऐकलंस. मग म्हणालास, "त्यांना सोडायला हवं होतं. मला मान्य आहे. माझं भांडण त्यांच्याशी नाहीच. माझं भांडण त्या डॉक्टरशी आहे, जो मला बघेल आणि त्याला तुमचे वडील आठवतील."

मला हे तेव्हा अर्धंच कळलं. पण त्यानंतर भाषण करताना ते वाक्य तोंडातून निघेना. लाचार म्हटलं की तू समोर यायचास, फळ्यापाशी उभ्या मुलीला म्हणत असलेला, "कंस विसरलीस." दोन महिन्यांनी मी ते वाक्य काढून टाकलं. तुला सांगितलं नाही. तू मात्र तुझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीला माझ्या कार्यक्रमाला पाठवून खात्री करून घेतलीस. फोन केलास आणि नमस्कार न करता म्हणालास, "टाळ्या कमी पडल्या म्हणे." त्या दिवसापासून तू मला ताई म्हणायला लागलास, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सहा वर्षं आपण भांडलो. तुझे सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज यायचे. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत मी ते ऐकायचे. भाजीवाला एकदा म्हणाला, "मॅडमजी, किससे झगड़ा चल रहा है?" मी म्हणायचे, शुद्धीतला माणूस नको म्हणतो तेव्हा त्याचं ऐकायचं, त्याच्यापेक्षा त्याचं दुःख कुणाला जास्त कळणार? तू म्हणायचास, ऐका की, पण आधी बघा त्या 'नको'च्या मागे काय आहे. घरात त्याची सेवा करायला माणूस आहे का? त्याला बाहेर नेणारं कुणी आहे का? घरचे त्याच्यासमोर उसासे टाकतात का? "आपण माणसाला कोपऱ्यात ढकलत ढकलत नेतो," तू म्हणालास, "आणि त्याने दार उघडून मागितलं की म्हणतो, त्याची इच्छा."

चेण्याला गेलो होतो ते आठवतं? तुला नदीत पाय बुडवायचे होते. तुझा भाऊ दिनेश गाडी घेऊन आला, आणि तुझी रोजची सगळी कामं करणारे यादवजी होतेच. पन्नाशी उलटलेला माणूस, पण तुला लहान मुलासारखं खांद्यावर घ्यायचे. "सर, पकड़ के रखना," म्हणायचे, आणि तू म्हणायचास, "किस चीज़ से पकड़ूँ, यादवजी?" मग दोघंही हसायचात. त्यांनी तुला दगडावर बसवलं, मागून धरून ठेवलं, आणि मी तुझी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. तुझे पाय इतके बारीक असतील असं मला वाटलं नव्हतं. तू माझा चेहरा वाचलास की काय कोण जाणे. म्हणालास, "ताई, नाक खाजतंय."

मी गोंधळले. "कुणाचं?"

"माझं. हात मोकळे आहेत ना तुझे? डावीकडे. अजून वर. हां."

एवढंच. त्यानंतर तुझ्याबरोबर असताना मला कधी अवघडल्यासारखं झालं नाही. माझ्या भाषणातला परावलंबी हा शब्द म्हणजे प्रत्यक्षात काय असतं, ते मला त्या दगडावर कळलं. कुणाचं तरी नाक खाजतं, आणि दुसऱ्याचे हात मोकळे असतात.

आता जे लिहायचंय ते मी सहा वेळा लिहून खोडलंय.

दोन वर्षांपूर्वी तुला न्यूमोनिया झाला. दिनेशचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मी पोचले तर तू इमर्जन्सीत, ओठ निळे, शुद्ध हरपलेली. दिनेशच्या हातात एक कागद आणि पेन. समोर एक तरुण डॉक्टर, वाईट नव्हता, दमलेला होता. तो समजुतीच्या सुरात सांगत होता, "बघा, यांची कंडिशन आधीपासूनच अशी आहे. व्हेंटिलेटरवर घेतलं तर निघतील की नाही सांगता येत नाही. निघाले तरी क्वालिटी ऑफ लाइफ काय? कशाला त्रास द्यायचा? तुम्ही 'नको' असं लिहून देऊ शकता."

दिनेशने माझ्याकडे बघितलं. "मेधाताई, तुम्हाला या सगळ्यातलं कळतं. काय करू?"

लोकांना यापुढची गोष्ट माहीत आहे. मी त्याच्या हातातला कागद घेतला, डॉक्टरला म्हटलं, हे शिक्षक आहेत, सोमवारी यांचा वर्ग आहे, यांना आत्ताच्या आत्ता व्हेंटिलेटरवर घ्या. आवाज इतका चढवला की आतून मोठे डॉक्टर बाहेर आले. तुला यंत्रावर घेतलं, नवव्या दिवशी काढलं, आणि महिन्याभराने तू पुन्हा वर्गात होतास. तू सगळ्यांना सांगत सुटलास, "मरणाच्या हक्कवाली बाई माझ्या जगण्यासाठी भांडली." मला 'माझी वकील' म्हणायला लागलास. आईने मला साडी नेसवली.

पण दिनेशने विचारलं आणि मी कागद घेतला, या दोन्हींच्या मध्ये अर्धं मिनिट गेलं होतं, भरत. त्या अर्ध्या मिनिटात तू मला निळा, हाडकुळा, तोंड उघडं टाकून पडलेला दिसत होतास, आणि माझ्या मनात आलं, राहू दे. जाऊ दे याला. किती सोसणार. मला तू दिसतच नव्हतास, मला माझे वडील दिसत होते. तू पहिल्याच रविवारी ज्या डॉक्टरबद्दल बोलला होतास तो त्या अर्ध्या मिनिटापुरती मीच होते. तुझ्याशी चार वर्षं भांडून, तुझं नाक खाजवून, तुझ्या घरचं जेवून झाल्यावरसुद्धा.

कशाने भानावर आले ते सांगू? दिनेशच्या शर्टाच्या खिशात तुझा फोन होता, तो वाजला. पडद्यावर नाव होतं, 'श्रेया, त्रिकोणमिती'. बस. तुझी एक विद्यार्थिनी शंका विचारायला फोन करत होती.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू वकील म्हणायचास तेव्हा माझं हसू अर्ध्यावर थांबायचं, ते तुझ्या लक्षात यायचं की नाही माहीत नाही.

बरा झाल्यावर तू मला कागद करायला बोलावलंस. मला वाटलं, पटलं याला. तू म्हणालास, "लिही. मी बेशुद्ध असेन तर मला वाचवण्याचे सगळे प्रयत्न करावेत. माझी खुर्ची बघून निर्णय घेऊ नये. माझं जगणं कसं आहे हे माझ्या आईला, भावाला किंवा मेधाताईंना विचारावं." उलटं इच्छापत्र. नोटरी दोनदा वाचून म्हणाला, "असं कोणी करत नाही." तू म्हणालास, "म्हणूनच करतोय." खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. सही वाकडी आली, तू म्हणालास, "वय झालं तुझं."

गेल्या वर्षापासून तुझे मेसेज लांबत गेले. सात मिनिटांचे अकरा झाले, पण शब्द तेवढेच. मधले श्वास वाढले. आधी फक्त झोपताना लावायचा श्वासाच्या यंत्राचा मास्क दुपारीही लागायला लागला. वर्ग आठवड्यातून पाच दिवस होता तो तीनवर आला. मग यादवजींची बायको गावाकडे आजारी पडली आणि त्यांना जावं लागलं. जाताना ते तुझ्या पायाशी बसून रडले. त्यांच्यानंतर तीन माणसं आली आणि तीनही गेली. एकाने तुला उचलताना सोडलं, खांदा सुजला. सगळं आईवर येऊन पडलं. अडुसष्ट वर्षांची बाई, तुला कुशीवर वळवायची, अंघोळ घालायची, भरवायची. दिनेश अंधेरीच्या नोकरीवरून परत यायचा तोपर्यंत सगळं उरकलेलं असायचं. मी आले की मदत करायचे, पण मी आठवड्यातून दोनदाच यायचे. दोनदाच. आता मी हेसुद्धा मोजत बसते.

या वेळी न्यूमोनिया झाला तेव्हा तू पूर्ण शुद्धीत होतास. दुसरं हॉस्पिटल, दुसरी डॉक्टर. शांत बाई. तिने खुर्ची ओढली, तुझ्या डोळ्यांच्या पातळीला बसली आणि तुझ्याशी बोलली, आमच्याशी नाही. आता मास्क पुरणार नाही म्हणाली. गळ्याला भोक पाडून कायमची नळी घालावी लागेल, घरी यंत्र लागेल, कफ काढायला चोवीस तास कुणीतरी जवळ लागेल. असे लोक पुढे कितीतरी वर्षं जगतात. बोलणं काहींना जमतं, काहींना नाही.

दिनेश लगेच म्हणाला, "करून टाकू, डॉक्टर. पुढचं पुढे बघू."

तू म्हणालास, "नको."

मास्कमुळे मला वाटलं चुकून ऐकलं. डॉक्टरने पुन्हा विचारलं. "नको. मास्क राहू दे. औषधं चालू दे. नळी नको."

मी फाईलमधून तुझा कागद काढला. सगळे प्रयत्न करावेत, तुझ्याच शब्दांत.

"तो मी बेशुद्ध असेन तेव्हासाठी," तू म्हणालास. "आता मी शुद्धीत आहे. तूच शिकवलंस ना, शुद्धीतला माणूस बोलत असेल तर कागद बाजूला ठेवायचा."

त्या दुपारी दिनेश चहाला गेल्यावर मी तुझ्यावर ओरडले. आजारी माणसावर, हॉस्पिटलमध्ये. नर्स दोनदा डोकावून गेली.

"यादवजी नाहीत म्हणून तू नको म्हणतोयस," मी म्हटलं. "सहा वर्षं मला हेच सांगत आलास की नको म्हणणाऱ्याच्या मागे काय आहे ते बघा. मी बघतेय! मी माणूस शोधते. दोन शोधते. मी स्वतः येऊन राहते."

"शोध," तू म्हणालास. "पुढच्या कुणासाठी तरी शोध. खरंच शोध."

"आणि तुझ्यासाठी?"

"मला बोलायचंय, ताई. बोलणं गेलं तर वर्गात मी काय करू?"

"काहींना जमतं म्हणाल्या ना त्या."

"काहींना."

"हे खरं कारण आहे का? माझ्याकडे बघून सांग."

तू डोळे मिटून घेतलेस. मग म्हणालास, "मी मरण मागत नाहीये. मी एका नळीला नको म्हणतोय. एवढी वर्षं लोक माझं बघून आपापली मतं बनवताहेत. बिचारा म्हणून, शूर म्हणून. तू पण. मी काय तुझं सोडवायचं उदाहरण आहे?"

"नाहीस."

"मग सोडवू नकोस."

डॉक्टरने तुला तीन दिवसांत तीनदा विचारलं, आम्हाला बाहेर काढून. मनोविकारतज्ज्ञही येऊन गेले. तिसऱ्यांदा बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "त्यांना सगळं नीट समजलंय. ते नैराश्यात नाहीत. मला शंका नाही." मी तिचे आभार मानले. तिला नव्हती, मला होती. आजही आहे. माझं ते अर्धं मिनिट मी तेव्हा तुला सांगावं असं हजारदा वाटलं, पण धीर झाला नाही. माझ्यासारखी बाईसुद्धा तुला बघून असं म्हणू शकते, हे तुझ्या निर्णयात एक ग्रॅम जरी जाऊन पडलं असतं तर? म्हणून गप्प बसले. गप्प बसणंही त्यात जाऊन पडलं असेल का, याचा विचार आता करते.

आईला सांगायचं काम तू माझ्यावर टाकलंस. "तुला सराव आहे बोलायचा." मी तिला बाहेरच्या बाकावर सगळं समजावलं. ती म्हणाली, "शुद्धीत हाय ना त्यो?"

"हो, आई."

"मग त्याला म्हाईत." आणि पदराने तोंड पुसून तिने विचारलं, त्याला तांदळाची पेज चालेल का.

तुला घरी आणलं. डॉक्टरने धाप कमी व्हायला औषध लिहून दिलं होतं, त्याने खरंच आराम पडला. सहा दिवस. मुलं येत राहिली. जुनीही आली, एक तर बाळ घेऊन आली. तू बाळाकडे बघून मास्कमधून म्हणालास, "हिला कधी पाठवतेस?" सहाव्या दिवशी दुपारी आई तुझ्या उशीचा अभ्रा बदलत होती आणि मी तुझं डोकं हातांवर धरलं होतं. शेवटचं वाक्य म्हणावं असं काही तू बोलला नाहीस. "पंखा कमी कर," म्हणालास. दिनेशने कमी केला. थोड्या वेळाने माझ्या हातांवरचं वजन बदललं.

बाराव्या-तेराव्यानंतर मी जरा थांबून आले, म्हणजे परवा मंगळवारी. आई ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसली होती. समोर ताट, मधे वाटी. मी शेजारी बसले आणि सोलायला लागले. ती इकडचं तिकडचं बोलत होती, दिनेशच्या मुलीची परीक्षा, वर्गातला फळा कुणाला द्यायचा. मग हात न थांबवता म्हणाली, "त्याने मना इचारलं व्हतं."

"काय?"

"दवाखान्यात न्यायच्या आधी चार दिवस. दुपारची येळ. अंघोळ घालून, कूस बदलून मी खाली बसले व्हते, कंबर धरून. म्हनला, आय, थकलीस? मी म्हटलं, थकले रे बाबा. लई थकले."

"मग?"

"मग काय न्हाय. म्हनला, झोप जरा. मी झोपले." तिने एक वाल सोलून वाटीत टाकला. "त्याच्यामुळं तर त्याने नको म्हटलं न्हाय ना?"

"नाही, आई," मी लगेच म्हटलं. "तसं काही नाही. त्याला बोलणं जायला नको होतं, तसं तो मला म्हणाला."

"तुला कसं म्हाईत?"

माझ्याकडे उत्तर होतं. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, तज्ज्ञ आले, सगळं रीतसर झालं. ते सगळं माझ्या जिभेवर आलं, आणि मी पुढचा वाल उचलला.

"खरं सांग," ती म्हणाली. "मना खोटं चालत न्हाय."

"मला माहीत नाही, आई."

तिने मान हलवली. रागावली नाही, रडलीही नाही. समोरच्या इमारतीत कुणाचा तरी कुकर वाजला. मग ती बोलली, माझ्याशी की तुझ्याशी ते मला सांगता येणार नाही.

"थकले व्हते ते काय खोटं न्हाय. पन झोपून उठले ना मी. उठून चहा केला, त्याला पाजला. उठल्यावर न्हवते थकले." हातातला वाल तसाच राहिला होता. "ते त्याने इचारलंच न्हाय."